बावरीच्या शिष्यांची वाट आणि विद्यापीठांची कुंपणे

गेल्या वर्षावासात सेनगाव येथील एका विहारात सुत्तनिपातावर बोलण्याचा योग आला. विषय पारायनवग्गाचा होता. गोदावरीच्या काठी राहणारा बावरी हा वृद्ध आचार्य आपले सोळा शिष्य तथागतांकडे पाठवितो. ते प्रतिष्ठानवरून उत्तरेकडे निघतात आणि मगधातील पाषाणक चैत्यापाशी तथागतांना एकेक प्रश्न विचारतात. मराठवाड्यातील उपासकांना ही कथा विशेष जवळची वाटते, कारण आपल्या भूमीचा इतका स्पष्ट निर्देश तिपिटकात क्वचितच आढळतो.

प्रवचन संपल्यावर इतिहास विषयात एम. ए. झालेली एक तरुणी थांबली. तिचा प्रश्न धम्माचा नव्हता, प्रवेशाचा होता. "सर, मला आमच्या तालुक्यावर पीएच. डी. करायची आहे. कोणत्या विभागाकडे जाऊ?" सेनगाव परिसरातील गावांनी धम्म स्वीकारला तेव्हा गावकीची कामे कोणी व कशी सोडली, त्या कामांशी जोडलेल्या इनाम जमिनींचे पुढे काय झाले आणि पहिली विहारे कोणाच्या जागेवर उभी राहिली, हा तिचा विषय. ती एका विद्यापीठात चौकशीला जाऊन आली होती. इतिहासवाल्यांनी सांगितले की हा धर्माचा विषय आहे. पालीवाल्यांनी विचारले की यात पाली ग्रंथ कोठे आहे. समाजशास्त्रात तर तिची पदव्युत्तर पदवीच त्या विषयाची नसल्याने बोलणे पुढे सरकले नाही. तिन्ही उत्तरे नियमाला धरून होती आणि तिन्ही उत्तरे देणारे सज्जन होते. मी स्वतः पालीचा अध्यापक आहे. तिने तो अर्ज माझ्या टेबलावर ठेवला असता, तर मी वेगळे काय केले असते, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

तिच्या विषयाला लागणारी साधने नुसती मोजून पाहावीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्या दिवशी सेनगाव हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात राहिले. निजामी राजवटीतील महसुली दप्तर उर्दूत आहे. त्याआधीचे कागद हाती आलेच तर फारसी व मोडी यांच्याशी गाठ पडेल. इनामे रद्द करणारा हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा वाचावयाचा म्हणजे विधिशास्त्राचा आधार हवा. वृद्ध उपासक-उपासिकांच्या आठवणी टिपावयाच्या म्हणजे मुलाखतीची शिस्त हवी. आणि 'धम्म स्वीकारला' या दोन शब्दांत त्या माणसांनी नेमके काय स्वीकारले, हे कळण्यासाठी बावीस प्रतिज्ञा, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आणि त्यामागील पाली परंपरा यांचा परिचय हवा. एकाही विभागात हे सारे नाही. पण एका विद्यापीठात मिळून हे सारे असू शकते. अशा वेळी उपयोगी पडावे म्हणूनच 'आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र' नावाची वस्तू विद्यापीठांनी निर्माण केली. ती उपयोगी का पडत नाही, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

काही वाचक म्हणतील की हा प्रश्न आधुनिक इतिहासाचा झाला. प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासाला अशा खटाटोपाची आवश्यकता काय? म्हणून मी बावरीकडेच परत जातो.

पारायनवग्गाच्या प्रारंभी असलेल्या वत्थुगाथांत बावरीचा आश्रम अस्सकाच्या प्रदेशात, दुसऱ्या एका प्रदेशाच्या सीमेलगत असल्याचे सांगितले आहे. या दुसऱ्या प्रदेशाचे नाव काही पाठांत 'अळक' आहे, तर काहींत 'मुळक'. केवळ पोथ्या समोर ठेवून हा पाठनिर्णय होत नाही. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या प्रदेशांची नावे येतात. तेथे असक आणि मुळक शेजारी-शेजारी उभे आहेत. म्हणजे पालीच्या पाठाची गाठ पुराभिलेखाने सोडविली. पुढचा प्रश्न अधिक बिकट आहे. सोळा जणांच्या प्रश्नांवर चुल्लनिद्देसाचे भाष्य आहे, पण वत्थुगाथांवर नाही. त्यावरून वत्थुगाथा मागाहून जोडल्या गेल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा ही वाट बुद्धकालाची की त्यानंतर कित्येक पिढ्यांनी रुळलेल्या व्यापारी मार्गाची? याचे उत्तर गाथा देऊ शकत नाहीत. ते पैठण, तेर आणि भोकरदन येथील मातीच्या थरांत आहे. अस्सकाची राजधानी पोतन ही बोधन होय, असे मत आहे. बोधन तर नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणात आहे. पालीचा अध्यापक हे सारे एकटा करू शकत नाही आणि उत्खनन करणाऱ्याला निद्देसातील मौनाचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही. दोघांनी एका टेबलाशी बसावे लागते.

आता आपल्या विद्यापीठांनी हे टेबल कसे मांडले आहे ते पाहू.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्याने पूर्वीच्या अनेक विद्याशाखा मोडून चार केल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथे नाव वाचून अनेकांना आशा वाटली, मलाही वाटली. पण या चौथ्या विद्याशाखेत आले कोण? शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य. हे विषय मोलाचे आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु त्यांना एकत्र आणणारा कोणताही समान प्रश्न नाही. पहिल्या तीन खोल्यांत ते मावले नाहीत, एवढेच त्यांचे साम्य. ज्या घरात पाहुण्यांची खोली म्हणून अडगळीची खोली दाखविली जाते, तेथे पाहुणा फार दिवस राहत नाही. ज्या शब्दाने भिंती पडावयाच्या, त्या शब्दाची चौथी भिंत बांधली गेली. शिवाय प्रत्येक विषयाचे अभ्यास मंडळ वेगळे आणि संशोधन व मान्यता समितीही विषयवारच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या पीएच. डी. विनियमांनी आंतरविद्याशाखीय विषयासाठी विभागाबाहेरील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा दिली होती. पण मुभा घ्यावयाची कोणी? ज्या समितीत एकाच विषयाची माणसे बसतात, तिला दुसऱ्या विषयाचे पुरावे जोखता येत नाहीत, आणि जे जोखता येत नाही ते नाकारणे सर्वांत सुरक्षित असते.

या बाबतीत नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा उल्लेख आदराने केला पाहिजे. सेनगाव याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने सुट्या विभागांऐवजी संकुलांची रचना स्वीकारली. सामाजिक शास्त्रे एका संकुलात, भाषा, वाङ्मय व संस्कृती यांचा अभ्यास दुसऱ्यात. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे अध्यापक, पण त्यांनी मराठीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा व समाजाचा परिचय करून दिला. म्हणजे विषयाची वेस ओलांडण्याचे महत्त्व जाणणारा माणूस आरंभी तेथे होता. किनवटला आदिवासी विकास व संशोधन केंद्र काढताना या विद्यापीठाने विषय जेथे राहतो तेथे केंद्र नेले, हीदेखील लहान गोष्ट नव्हे. संकुलाची कल्पना मला आजही योग्य वाटते. मात्र संकुल म्हणजे एक छप्पर. छपराखाली बसलेल्यांनी एकमेकांचे वाचावे, ही सक्ती छप्पर करू शकत नाही. त्यासाठी समान प्रश्न लागतो, आणि तो ठरविण्याइतकी स्थिर माणसे लागतात. तासिका तत्त्वावर नेमलेला, पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसलेला अध्यापक पाच वर्षांच्या सामायिक संशोधनाचा आराखडा कोणत्या धैर्याने करील?

महाराष्ट्रात हे कधी झालेच नाही असे नाही. किंबहुना झाले तेव्हा ते फार मोठ्या इमारतींत झाले नाही.

धर्मानंद कोसंबींनी कलकत्त्याची प्राध्यापकी सोडली आणि सयाजीराव गायकवाड यांच्या मासिक ५० रुपयांच्या साहाय्यावर महाराष्ट्रात राहून लेखन करण्याचे पत्करले. १९१२ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पु. वि. बापट, चिं. वि. जोशी आणि ना. के. भागवत ही त्यांच्या हाताखालची पिढी. त्यांपैकी बापटांनी पालीबरोबर चिनी व तिबेटी भाषा आत्मसात केल्या. मूळ रूपात नष्ट झालेला आणि चिनी भाषांतरात टिकलेला 'विमुत्तिमग्ग' त्यांनी 'विसुद्धिमग्गा'शेजारी ठेवून तपासला. त्यांचा तो तौलनिक अभ्यास १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. दिल्ली विद्यापीठात १९५७ साली बौद्ध विद्येचा स्वतंत्र विभाग निघाला, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडेच गेली. डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकलिया पुरातत्त्वाचे आणि इरावती कर्वे मानवशास्त्र-समाजशास्त्राच्या. पण गुजरातेतील लांघणजच्या उत्खननात दोघे एकत्र होते, कारण मातीतून मानवी सांगाडे निघत होते आणि हाडांचा अर्थ लावणे एकट्या पुरातत्त्वज्ञाचे काम नव्हते. याच सांकलियांनी तरुणपणी नालंदा विद्यापीठावर ग्रंथ लिहिला होता, हे जाता जाता नमूद करतो.

आणि मराठवाड्यातील उदाहरण? भोकरदनचे उत्खनन नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ साली निघाला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनाचे लोक आहेत, हे तेथील लेखांवरून ठाऊक होते. उत्खननाने त्या नावामागील नगर पुढे आणले. तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या प्रसिद्ध मूर्तीशी नाते सांगते. पन्नास वर्षांपूर्वी, कोणतीही आंतरविद्याशाखीय विद्याशाखा नसताना, दोन विद्यापीठे एका टेकाडासाठी एकत्र आली. त्यांना जोडणारे कलम नव्हते, टेकाड होते.

दामोदर कोसंबींचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. गणिताचा हा अभ्यासक प्राचीन आहत नाणी तराजूत घालून त्यांच्या झिजेवरून कालक्रम शोधत होता, कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेख वाचून धेनुकाकटाच्या दात्यांचा विचार करीत होता आणि पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून मेंढपाळांच्या वाटा व बौद्ध लेणी यांचा संबंध जोडत होता. त्यांची सगळी अनुमाने आज टिकतात असे नव्हे. परंतु भिक्षुसंघाच्या निवासामागे व्यापार, शेती व वाटा असतात, हे त्यांनी दाखविले. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांचा करार वाढविला गेला नाही. एका माणसाच्या डोक्यात चार विद्या एकत्र येऊ शकतात. पण माणूस १९६६ साली गेला आणि ती बैठक मोडली. केंद्र हवे ते यासाठी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव या संदर्भात केवळ श्रद्धेपोटी घ्यावयाचे नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्र परिसंवादात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला, तेव्हा ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मानवशास्त्राच्या परिसंवादात बसू देणारे विद्यापीठ होते, म्हणून तो निबंध झाला. सेनगावच्या तरुणीला जे दार बंद मिळाले, ते दार एका शतकापूर्वी न्यूयॉर्कमध्ये उघडे होते. पुढे त्यांनी स्वतः पाली व्याकरण व कोशाचे काम केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. अर्थशास्त्र, विधी, मानवशास्त्र आणि पाली ही त्यांच्या दृष्टीने चार खाती नव्हती.

औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) त्यांनी उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली. मिलिंदपञ्हात एक मार्मिक प्रसंग आहे. मिलिंद राजा चर्चेचे आमंत्रण देतो, तेव्हा नागसेन विचारतात की चर्चा पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या? पंडितांच्या चर्चेत मत खोडले जाते, चूक मान्य केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत मात्र विरोध करणाऱ्याला दंड होतो. आमच्या विद्यापीठीय समित्यांच्या बैठका यांपैकी कोणत्या रीतीने चालतात, हे ज्या वाचकांनी अशा बैठका पाहिल्या आहेत त्यांना सांगण्याची गरज नाही.

येथवर विद्यापीठाला दोष दिला. आता आपल्याकडे वळतो, कारण ही टीका एकतर्फी राहिली तर ती खोटी ठरेल.

आम्ही पालीवाले ग्रंथाच्या बाहेर फारसे पडत नाही. पितळखोऱ्याच्या लेण्यातील यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली असे कोरलेले आहे. तेथेच प्रतिष्ठानच्या गंधिक कुळातील मितदेवाचे आणि राजवैद्य मगिलाचेही दानलेख आहेत. सोनार, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, वैद्य. धम्माच्या सामाजिक इतिहासाला याहून बोलका पुरावा कोणता? ब्राह्मी लिपी शिकणे ही काही आठवड्यांची गोष्ट आहे, आणि भाषा तर पालीच्या सख्ख्या बहिणीसारखी प्राकृत. तरीही पालीत एम. ए. होणारे किती विद्यार्थी हे लेख मुळातून वाचतात? सुत्ते पाठ करून, मार्गदर्शक पुस्तकांवर परीक्षा देऊन ते बाहेर पडतात. आणि मी त्यांना तसेच बाहेर जाऊ दिले आहे.

समाज म्हणून आपली चूक निराळी आहे. अध्यासन मिळावे, केंद्राला नाव मिळावे, यासाठी आपण निवेदने देतो, धरणे धरतो. नावाचे मोल काय असते हे मराठवाड्याला कोणी शिकवू नये. २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १४ जानेवारी १९९४ हा काळ या भूमीने कसा काढला, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण उद्घाटनाच्या छायाचित्रानंतर आपण पुन्हा विचारावयास जात नाही की येथे मंजूर पदे किती, भरलेली किती, ग्रंथालयात कोणती नियतकालिके येतात, आणि केंद्राने गेल्या पाच वर्षांत कोणत्या एका प्रश्नावर काम केले. आयोगाच्या योजनेतून निघालेली बौद्ध व आंबेडकर अध्ययनाची अनेक केंद्रे पंचवार्षिक योजनेच्या कालमर्यादेला बांधलेली होती. पंचवार्षिक योजना २०१७ साली संपल्या. त्या केंद्रांपुढे प्रश्न उभा राहिला तो नावाचा नव्हता, वेतनाचा होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये नालंदेचा आणि बहुविद्याशाखीय शिक्षणाचा गौरव आहे. पाली, फारसी व प्राकृत यांसाठी राष्ट्रीय संस्थेचा विचारही आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पाली, प्राकृत आणि मराठी यांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने केला. निधीची दारे यातून कदाचित उघडतील. नव्या केंद्राचे प्रस्ताव तयार होत असतील तर माझी सूचना अशी, की प्रस्तावाच्या पहिल्या पानावर उद्दिष्टांची यादी नको, एकच प्रश्न असावा.

असा प्रश्न सेनगावच्या अंगणातच पडलेला आहे. तालुक्याच्या उत्तरेस वाशीम जिल्हा लागतो. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तेथे १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट सापडले. त्यांत नंदिकटाच्या उत्तर मार्गातील एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि नंदिकट म्हणजे नांदेड असे विद्वान मानतात. नांदेडच्या उत्तरेस व वाशीमच्या दक्षिणेस जो मुलूख आहे, तोच आजचा हिंगोली जिल्हा. याच घराण्यातील हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले. गावे ब्राह्मणांना आणि लेणे संघाला. दोहोंचा खर्च कोणत्या शेतांतून निघत होता, ती शेते कसणारे कोण होते, आणि त्यांचे वंशज पुढे गावकुसाच्या आत राहिले की बाहेर? ताम्रपटातील वंशावळ संस्कृतात आहे, पण करमाफीची लांब यादी प्राकृतात आहे. पालीचा साधारण विद्यार्थी ती थोड्या साहाय्याने वाचू शकेल. अडचण अशी की वाशीम अमरावती विद्यापीठात येते, हिंगोली नांदेड विद्यापीठात आणि अजिंठा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. वाकाटकांचे एक राज्य आज तीन विद्यापीठांच्या हद्दींत विभागलेले आहे. पण १९७० च्या दशकात दोन विद्यापीठांना भोकरदनला जे जमले, ते तिघांना येथे का जमू नये?

अशा केंद्राला चार कायम पदे पुरतील : पाली-प्राकृताचे, पुराभिलेख व पुरातत्त्वाचे, भूमी व महसुलाच्या इतिहासाचे, आणि समाजशास्त्राचे. आठवड्यातून एकदा चौघांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एकच साधन वाचावे; एका आठवड्यात ताम्रपट, दुसऱ्यात सुत्त, तिसऱ्यात उर्दू दप्तरातील एक पान. प्रवेश देताना पदवीचा विषय न पाहता प्रश्न पाहावा. ग्रंथालय सायंकाळी उघडे असावे, कारण आपल्याकडील पुष्कळ संशोधक दिवसा नोकरी करतात.

सेनगावची ती तरुणी अद्याप कोठेही नोंदलेली नाही. एका निवृत्त तलाठ्याच्या ओळखीने ती हिंगोलीला एका वयोवृद्ध मौलवींकडे उर्दू वाचावयास शिकते, आणि रविवारी मोडी. गेल्या महिन्यात तिने मला एका जुन्या उताऱ्याची छायाप्रत पाठविली. त्यातील जमिनीच्या नोंदीपुढील एक शब्द तिला लागत नव्हता. मलाही लागला नाही. मी ती प्रत पुराभिलेखाच्या एका स्नेह्याकडे पाठविली आहे. त्याने ती आपल्या विद्यापीठातील फारसीच्या अध्यापकांना दाखविली असल्याचे कळविले आहे.